पहिला डबा घरचा

रविवारी शेडमधलं यंत्र दुपारी बाराला थांबे आणि हवेतली भुकटी पुरती खाली बसायला चार वाजत. आत्याने एकदा घड्याळ लावून हे मोजलं होतं. तोवर जेवणघराचं शेडकडचं दार उघडं राहिलं, तर उन्हाचा तिरपा पट्टा दुधाळ होऊन टेबलापर्यंत येई आणि त्यात बसलेलं माणूस, कोणीही असो, जरा लांबचं वाटू लागे. त्या रविवारीही यंत्र चाललं होतं. ते बंद ठेवण्याचं कारण घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. मोठ्याने उच्चारायचं मात्र कोणालाच नव्हतं.

भिंगरी त्या पट्ट्यात बसली होती. पत्र आल्यापासून, म्हणजे गेले सव्वीस दिवस, तिला सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. ती पंधराशे मीटर धावे, आणि शेवटच्या फेरीत तिला नेहमी असंच होई. प्रेक्षकांचा आवाज विरघळे, पाय दुसऱ्याच कोणाचे तरी वाटत, आणि समोरची पांढरी रेघ आपण होऊन तिच्याकडे सरकत येई. फरक इतकाच, की ती अवस्था सत्तर सेकंदांत संपे.

पत्र टेबलाच्या मधोमध, मिठाच्या बरणीखाली दाबलेलं होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेनंतर घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं एक उत्तेजक सापडलं होतं. त्याचं नाव इतकं लांब होतं, की घरात त्याला सगळे नुसतं ‘ते’ म्हणत. त्याच नमुन्याची दुसरी सीलबंद बाटली तिच्या समक्ष उघडली गेली. तिच्यातही ते होतं. आता उद्या दुपारी बाराच्या आत चौकशी समितीकडे उत्तराचा कागद पोचता करायचा होता. ते शरीरात कुठून आलं हे दाखवता आलं, तर काही महिन्यांवर, कदाचित नुसत्या ताकिदीवर भागणार होतं. नाही आलं, तर दोन वर्षं मैदान बंद. ती दुसऱ्या वर्षाला होती. दोन वर्षांनी कॉलेज, कॉलेजचा संघ आणि संघामुळे मिळणारा प्रशिक्षक यांपैकी काहीही उरणार नव्हतं.

“चहा घे गं,” आई म्हणाली. “निवला.”

“निवू दे.”

“अगं, पण...”

“वहिनी, तिला काही खायला-प्यायला घालायचं म्हटलं की मला आता धडकीच भरते,” काका म्हणाले. कोणी हसलं नाही. काकांना हे अपेक्षितच असावं. ते लगेच चमच्याने साखर ढवळू लागले. कपात साखर नव्हती.

टेबलाच्या टोकाला अप्पा बसले होते. शेड त्यांनीच उभी केली होती. त्याआधी एकोणीस वर्षं ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि ऐंशी ओलांडल्यावरही कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन अजमावत. या क्षणी त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं.

आत्या आली ती पायपुसण्यावर न थांबता थेट आत. ती तिघा भावंडांत थोरली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, एकटी राहायची आणि या घरात आली की पाच मिनिटांच्या आत कोणाची तरी चूक काढायची. आज तिने आल्या आल्या एक पाकीट टेबलावर पालथं ठेवलं. पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड होती.

“जमलं,” ती म्हणाली.

“काय जमलं, ताई?” बाबांनी विचारलं.

“आकडा. ऐका नीट, आणि मधे बोलू नका.”

“मधे बोलू नका म्हणे. अजून वर्गातच आहे,” काका पुटपुटले.

“तुझ्यासारखे वर्गात बसले असते तर मी केव्हाच नोकरी सोडली असती. ऐक. भिंगरीच्या नमुन्यात एका मिलिलिटरला नव्वद नॅनोग्रॅम सापडलं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, धावायला तर काडीचाही उपयोग नाही. आता ही पोर सकाळी दूध-पावडर किती घेते?”

“दोन चमचे,” आई म्हणाली. “तीस ग्रॅम. मीच घालते.”

“कुठल्या डब्यातली?”

या प्रश्नाचं उत्तर टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं, म्हणूनच ते कोणी दिलं नाही.

शेडमध्ये एकच मोठं फिरतं पिंप होतं. त्यात माल ढवळला जाई, चाळणीतून उतरे आणि डब्यांत भरला जाई. सोमवारी दूध-पावडर, गुरुवारी कसलं चूर्ण, पुढच्या आठवड्यात तिसरंच काही. ज्याची मागणी असेल ते. एक माल संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी पिंप धुतलं जाई. पण धुतलेल्या पिंपातही आधीच्या मालाचा अंश राहतो, हे अप्पांना दवाखान्यातल्या खलबत्त्याने शिकवलं होतं. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी नियम घातला: नव्या मालाचा पहिला डबा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. सुरुवातीला तो डबा मोरीत रिकामा होई. पुढे ते जिवावर येऊ लागलं, आणि डबा स्वयंपाकघरात आला. पहिला डबा घरचा. घरातली दोन मुलं आणि एक मुलगी याच डब्यांवर मोठी झाली. आता नातही होत होती. अप्पांचा सचोटीबद्दल जो काही लौकिक होता, तो या वाक्यावर उभा होता, आणि तो खरा होता.

“पहिल्या डब्यात आधीचा माल किती उतरतो, हे मला माहीत आहे,” आत्या म्हणाली. “चार हजारांत एक भाग.”

“इतकं नेमकं?” बाबा म्हणाले.

“मीच मोजलंय. विसरलास? मी बी.एस्सी.ला होते. पिंपात निळा रंग ढवळला, पिंप धुतलं, मग पांढरी भुकटी घालून प्रत्येक डब्यातला निळेपणा मोजला. तू चाळण धरली होतीस.”

बाबांना आठवलं. त्या उन्हाळ्यात त्यांचे हात महिनाभर निळे होते, आणि शाळेत त्यांना सगळे शाईची दौत म्हणत.

“तीस ग्रॅमचे चार हजार भाग करा. साडेसात मिलिग्रॅम. हा आधीचा माल. त्यात ते शेकडा दोन आहे असं धरलं, तर दीड दशांश मिलिग्रॅम. ते दिवसभराच्या दीड लिटर लघवीत पसरलं, की मिलिलिटरला शंभर नॅनोग्रॅम. प्रयोगशाळा म्हणते नव्वद.” तिने पेन्सिल पाकिटावर आडवी ठेवली. “इतकं जुळलं की मला खरं तर संशयच येतो. पण जुळलंय.”

“धरलं म्हणजे काय धरलं?” काका म्हणाले. “शेकडा दोन कुठून आणलंस?”

“आधीचा माल कुठला होता, ते तू सांग. ऑर्डर तू आणलीस.”

तो माल वजन उतरवण्याच्या चूर्णाचा होता. वर्षभरापूर्वी काकांनी हे गिऱ्हाईक मिळवलं होतं. चूर्ण तयारच येई, मोठ्या पोत्यांतून. इथे फक्त डबे भरायचे. डब्यांवर लेबलं चिकटवण्याचं काम आईचं. ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’ हे शब्द तिच्या अंगठ्याखालून दिवसाला चारशेदा जात.

भिंगरीने चहाचा कप उचलून पुन्हा ठेवला. पट्ट्यातली भुकटी आता सावकाश खाली उतरत होती. तिच्या मनात आलं, सगळं किती हळू चाललंय. अख्खं घर शेवटच्या फेरीत आहे आणि रेघ मात्र कुठेच दिसत नाही.

“तुझ्या त्या निळ्या रंगाच्या प्रबंधात शेवटी काय लिहिलं होतंस, आत्या?” तिने विचारलं. “बाबांकडे आहे तो. वाचलाय मी.”

आत्याने लगेच उत्तर दिलं नाही. ही गोष्ट तिच्या बाबतीत इतकी दुर्मीळ होती, की अप्पांनी चष्म्याचं घर खाली ठेवलं.

“लिहिलं होतं,” ती म्हणाली, “की पहिल्या डब्यातला अंश नगण्य असून तो डबा घरगुती वापरास योग्य आहे. एकविसाव्या वर्षी लिहिलंय. तेव्हाच्या उपकरणाला ते नगण्यच होतं.” तिने पाकीट सुलटं केलं. “आता उपकरणं बदलली. वाक्य कोणी बदललं नाही. मी तर नाहीच.”

आत्याचा विश्वास कशावरही सहज बसत नसे. डॉक्टरांनी सांगितलेलं ती पुस्तकात पडताळी, पुस्तकातलं दुसऱ्या पुस्तकात. एका वाक्यावर मात्र तिने कधी संशय घेतला नव्हता, कारण ते तिचं स्वतःचं होतं.

“बरं,” काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “आता माझं ऐका. आकडा जुळला, छान झालं. पण हा आकडा तिथे मांडला, की पुढे काय? उद्या कागद गेला, परवा तपासनीस दारात. शेडला सील. अप्पांच्या नावाची पाटी पेपरात, फोटोसकट. का? तर आपणच आपल्या पोरीला आपल्या डब्यातून ते पाजलं म्हणून.”

“मग?” आत्याने विचारलं.

“मग काही नाही. मैदानाबाहेर ते खेळाच्या सामानाचं दुकान आहे ना? तिथून पावडर घेतली म्हणायचं. सुटी. पावती नाही. कुठलाही खेळाडू असंच घेतो. ते मानतात सुद्धा, मी विचारून आलोय.”

“त्याच्याकडून मी बुटाच्या नाड्या घेते,” भिंगरी म्हणाली. “तो दुकानदार मला दोन जोड देतो आणि एकाचेच पैसे लावतो. म्हणतो, जिंकलीस की दुसऱ्याचे दे.”

“अगं, नाव कुठे घ्यायचंय त्याचं? एक दुकान, एवढंच म्हणायचं.”

“मैदानाबाहेर एकच दुकान आहे, काका.”

काकांनी भावाकडे पाहिलं. लहानपणापासून आत्यासमोर उभं राहायचं झालं, की हे दोघे एका बाजूला येत; आजही बाबांनी निराश केलं नाही.

“तो म्हणतो त्यात तथ्य आहे, ताई,” बाबा म्हणाले. “दुकानाचं नाव नको. नुसतं म्हणू, कुठून आलं माहीत नाही. शिक्षा होईल ती होईल. भिंगरे, तू वीस वर्षांची आहेस. दोन वर्षं म्हणजे काय गं? मी सकाळी तुझ्याबरोबर येईन पळायला. नंतर पुन्हा...”

“तुम्ही? माझ्याबरोबर?”

“सायकलवर येईन.”

ती हसली. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने ते उन्हाच्या पट्ट्यात लपवले.

“अरे, तुला कळतंय का, तू काय बोलतोयस?” आत्याचा आवाज चढला. “तिच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाईल, हिने घेतलं होतं म्हणून. आणि तू सायकल चालवणार!”

“आणि शेड बंद झाली तर? अप्पांनी काय बघायचं या वयात?”

“माझ्या वयाला मधे आणू नकोस,” अप्पा म्हणाले. “ते बसलंय एका बाजूला, बसू दे.”

“बोलण्यात वेळ जातोय,” आत्या उठली. “आकडेमोड म्हणजे पुरावा नव्हे. मला तो डबा हवाय. तळाशी चमचाभर जरी उरलं असेल तरी पुरे. ते तिकडे तपासतील, त्यात ते सापडेल, आणि विषय संपला. वहिनी, डबा कुठे असतो?”

बाबांनी मान खाली घातली.

त्यांना ठाऊक होतं डबा कुठे आहे. सकाळी, घर अजून अंथरुणात असताना, त्यांनी तो फळीवरून काढला होता. तळाशी बोटभर भुकटी होती. ती त्यांनी मोरीत सोडली, डबा धुतला, पालथा घातला. आपण हे का करतो आहोत, याचं उत्तर त्यांनी तेव्हा स्वतःला दिलं नव्हतं. शेड वाचवावी हा विचार असेल, पण तो नंतर सुचलेला. त्या वेळी मनात एवढंच होतं, की या डब्याने माझ्या मुलीचं वाटोळं केलं आणि हा अजून पोटात ते घेऊन फळीवर बसलाय. तीस वर्षं ते पिंप धुण्याचंच काम करत आले होते. काहीही बिघडलं की त्यांच्या हातांना एवढंच सुचे.

आई स्वयंपाकघरात गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. मिटल्याचा आला नाही. ती परतली तेव्हा तिच्या हातात डबा होता. तिने तो टेबलावर ठेवला, तोंड वर करून, म्हणजे सगळ्यांना आत दिसावं. पत्रा स्वच्छ होता. त्यात उन्हाचा पट्टा शिरला आणि आतल्या आत फिरू लागला.

मग आत्या सावकाश काकांकडे वळली.

“शाबास,” ती म्हणाली.

“माझ्याकडे काय बघतेस?”

“विचारून आलास ना सगळीकडे? पुरावा नसला की काय होतं, तेही विचारलं असशील.”

“ताई, मी डब्याला हात लावलेला नाही.”

“सहावीत असताना माझी परीक्षानळी फोडलीस, तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

“ती मी फोडली होती!” काका उभे राहिले. “ती फोडली होती, आणि हा डबा मी धुतलेला नाही. दोन्ही खरं आहे. या घरात काही झालं की माझं नाव आधी, आणि मग तपास!”

“ऑर्डर कोणी आणली?”

“मी आणली.” ते पुन्हा बसले. बराच वेळ चमच्याशी खेळत राहिले. मग बोलले ते वेगळ्याच आवाजात, जणू शेजारच्या खोलीतून. “आणली मी. आणि एकदा, पोतं फोडताना, भुकटी जिभेवर ठेवून बघितली. जीभ बधिरली. दिवसभर हात थरथरत होते, छाती धडधडत होती. झाडपाल्याने असं होत नाही, एवढं मलाही कळतं. बोललो नाही. म्हटलं, आपण काय, फक्त डबे भरतो.” त्यांनी पुतणीकडे पाहिलं नाही. “डबा धुणारा मी नाही. पण तू मला जे म्हणायचं ते म्हण, ताई. चुकीच्या कारणासाठी म्हणतेयस, एवढंच.”



आईने हे सगळं उभ्यानेच ऐकलं होतं. बावीस वर्षांत या टेबलाशी ती क्वचितच बसली होती. भावंडांचं भांडण चालू असताना उभं राहणं बरं, हे तिला पहिल्याच महिन्यात समजलं होतं. ती नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन थांबली आणि तिने त्यांच्या शर्टाची बाही दोन बोटांनी धरली.

“अहो,” ती म्हणाली, “सकाळी मी उठले तेव्हा तुमच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तुम्ही म्हणालात, तोंड धुतलं.”

बाबा बाहीकडे पाहू लागले.

“मी दुपारपर्यंत वाट बघितली. म्हटलं, तुम्ही आपणहून सांगाल. भाऊजींवर आळ आला तरी बसून राहिलात.”

“मी धुतला,” बाबा म्हणाले. “सॉरी, भिंगरे. मीच धुतला.”

भिंगरीला आवाज पाण्याखालून आला, पण शब्द स्पष्ट होते. तिने वडिलांचे हात पाहिले. नखांभोवतीची कातडी कायम भिजून पांढरी पडलेली असायची. लहानपणी तिला वाटे, सगळ्यांच्या बाबांचे हात असेच असतात. राग यावा म्हणून ती थांबून राहिली. तो येत होता, लांबून, पळत. पण अजून पोचला नव्हता.

“दादा,” काका म्हणाले, “निदान मला तरी सांगायचंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू मदत केली असतीस.”

“हो. तेही खरंच.”

“संपलं मग,” आत्या खुर्चीत बसली. अचानक ती तिच्या वयाची दिसू लागली. “डब्यावर सगळं उभं होतं. मोरीत गेलं.”

तेव्हा अप्पांनी हात पुढे केला. डबा ओढून घेतला, तळहातावर ठेवून वजन अजमावलं, आणि मुलाला विचारलं, “कसा धुतलास?”

“म्हणजे?”

“मराठीत विचारलं. कसा धुतलास?”

“नेहमीसारखा. तीन पाण्यांनी. पहिलं गरम. मग ब्रश.”

“साबण?”

“साबण आपण कुठे लावतो, अप्पा? वास राहतो.”

“पुसलास?”

“पालथा घातला. फडकं लावत नाही आपण.”

अप्पांनी डबा उलटा केला. तळाच्या कडेला पत्रा दुमडून घट्ट वळलेला होता, सगळ्या डब्यांचा असतो तसा. त्या दुमडीवरून त्यांनी अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं, पूर्ण एक फेरा.

“तुझा तो निळा रंग,” ते मुलीला म्हणाले. “पिंपातून गेला होता. डब्यांचं काय झालं होतं?”

“डब्यांचं मी मोजलं नव्हतं.”

“मोजलं नव्हतंस, पण रडली होतीस. अख्खा उन्हाळा ते डबे तुझी आई घासत होती.”

आत्या अप्पांकडे पाहत राहिली. मोरीच्या काठावर ओळीने मांडलेले पालथे डबे तिला दिसले. प्रत्येक डब्याच्या तळाला एक बारीक निळी रेघ. तिची आई घासायची, रेघ जायची. डबा वाळला की दुमडीतून पुन्हा उतरायची. सात पाण्यांनंतरही. या गोष्टीला तिने प्रबंधात एक ओळही दिली नव्हती, कारण तिचा विषय पिंप होता.

“दुमड,” ती म्हणाली. मग उठली. “दुमडीत आहे. कोणी हात लावू नका! अप्पा, खाली ठेवा तो. वाळू देऊ नका, उन्हातून काढा आधी! आणि तू रे, किती वाजता धुतलास?”

“साडेपाच.”

“आत ओल असेलच. तिथे अर्धी चिमूट जरी अडकली असेल... अर्धी चिमूट काय, तिचा शंभरावा भाग जरी. जे यंत्र हिच्या लघवीतलं नव्वद नॅनोग्रॅम बघतं, ते दुमड कापून त्यातलं नाही बघणार? वहिनी, नवी पिशवी आहे का, न वापरलेली? लेबलाच्या गठ्ठ्यावरची चालेल.”

“सापडेलच असं आहे?” आईने विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली. “सापडू शकतं, एवढंच. यापुढे मी ‘नगण्य’ म्हणायची नाही आणि ‘नक्की’ही म्हणायची नाही.”

पिशवी आली. डबा तिच्यात उतरवला गेला, कडेला धरून, जणू आत काही झोपलं होतं. बाबा हात मागे बांधून उभे होते.

भिंगरीने बरणीखालून कागद ओढला. ‘स्रोत’ असं लिहिलेल्या जागेखाली चार रिकाम्या ओळी होत्या.

“अप्पा,” ती म्हणाली, “हे लिहिलं तर शेड जाईल.”

“वाच आधी, काय लिहिणार ते.”

“पहिला डबा घरचा. असंच लिहिणार. आधीच्या मालाचं नावही. आणि मला एक विचारायचंय. पहिला डबा मी खाल्ला. दुसरा कोणाकडे गेला?”

आत्याने उत्तर दिलं, कारण दुसऱ्या कोणाला आकडा माहीत नव्हता. “दुसऱ्यात पहिल्याचा दहावा हिस्सा उतरतो.”

“तेवढ्याने कोणी सापडणार नाही,” काका म्हणाले.

“सापडणार नाही, काका. पण ज्या डब्यांत ते शेकडा दोन आहे, ते जे लोक रोज खातात, त्यांची कोणी बाटली घेत नाही. त्यांची छाती नुसतीच धडधडते.”

काकांनी चमचा बशीत ठेवला. “सकाळी भरलेला चूर्णाचा माल अजून शेडमध्येच आहे,” ते म्हणाले. “तीनशे वीस डबे.”

“ते तिथेच राहतील,” अप्पा म्हणाले. “दाराला कुलूप घाल आणि किल्ली इकडे आण. सील लावायला येतील त्यांना मीच देईन. पाटी मी लावली होती, उतरवायची झाली तर मीच उतरवीन. स्टूल तेवढं कोणी धरा.” मग नातीकडे वळून, दवाखान्यात रोग्यांशी बोलत तसे, हळू म्हणाले, “पोरी, मी तो डबा घरात आणला तो गिऱ्हाइकाला वाईट जाऊ नये म्हणून. घरात कोण आहे, हे बघायचं राहिलं.”

तिने लिहायला घेतलं. अक्षर तिचं मोठं होतं. चार ओळी पुरेनात. आत्या खांद्यावरून वाचत होती आणि प्रत्येक विशेषणावर बोट ठेवत होती. चूर्ण, काकांची जीभ, लेबलं, पिंप, चार हजारांत एक. काका आपल्या वाट्याचं वाक्य स्वतः सांगत गेले, आई तिच्या वाट्याचं. मागची बाजूही अर्धी भरली. दारातून येणारा पट्टा आता टेबलावरून उतरून जमिनीवर गेला होता. त्यात जवळजवळ काहीच तरंगत नव्हतं. चार वाजत आले असावेत.

“डबा धुतल्याचंही लिहावं लागेल,” आत्या म्हणाली. “नाहीतर ते म्हणतील, लपवलं. कोणी धुतला, केव्हा, कसा. सगळं.”

भिंगरीचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. राग एव्हाना पोचला होता; पण पोचेपर्यंत तो इतका पळला होता, की आल्या आल्या खाली बसला.

“सांगा, बाबा.”

बाबा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. “सकाळी साडेपाच वाजता,” त्यांनी सांगायला सुरुवात केली, “मुलीच्या वडिलांनी.” ती लिहीत गेली. “तीन पाण्यांनी. पहिलं गरम. साबण नाही. ब्रश जुना.”

“जुना कशाला?” काका म्हणाले.

“जुनाच आहे. केस झडलेत त्याचे. कोपऱ्यात पोचत नाही.” ते थांबले. “हे लिही, भिंगरे. कोपऱ्यात पोचत नाही.”

तिने तेही लिहिलं, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली. मग ते तसेच बसून राहिले, पांढरी पडलेली बोटं टेबलावर पसरून, पिशवीतल्या डब्याकडे पाहत. तीस वर्षांत त्यांच्या धुण्यात कोणी कधी खोट काढली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांना अगदी मनापासून वाटलं, आपल्याला नीट धुता येत नसलं तर बरं.